चिठ्ठीत निघालेले शेत

प्रवासाला निघालेला माणूस ठिकाण ठरवूनच निघतो. देवदर्शन, लग्नकार्य, बाजार, नोकरी, नातेवाईक यांपैकी काहीतरी निमित्त असते आणि रस्ताही ठरलेला असतो. त्यामुळे आयुष्यभर प्रवास करूनही आपण पाहतो ती जमीन फार थोडी, आणि तीसुद्धा कोणीतरी आधी निवडलेली. जी जागा कोणीच निवडलेली नाही, अशा जागी मुद्दाम वाट वाकडी करून गेल्यास काय दिसेल? प्रश्न रिकामटेकडा वाटेल. परंतु संख्याशास्त्राच्या पेपरात आपण जो 'यादृच्छिक नमुना' शिकतो, त्याचे मर्म या प्रश्नात आहे. आणि त्या मर्माशी आपल्या भागातील शेतकऱ्याच्या पीकविम्याचे पैसे बांधलेले आहेत. प्रस्तुत लेखात हा संबंध उलगडून दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

१. शेअरबाजाराने दाखविलेली जागा

अमेरिकेत रँडल मन्रो नावाचे व्यंगचित्रकार आहेत. 'एक्सकेसीडी' या त्यांच्या चित्रमालिकेत मे २००८ मध्ये एक चित्र आले. त्यात रोज नवी, कोणाच्याही हातात नसलेली जागा शोधण्याची युक्ती दिली होती. पुढे पुष्कळ हौशी लोक त्या युक्तीने जागा काढून तेथे जाऊ लागले. या छंदाला 'जिओहॅशिंग' म्हणतात.

युक्ती वाणिज्याच्या विद्यार्थ्याला विशेष आवडावी अशी आहे. त्या दिवसाची तारीख घ्यावयाची. तिच्यापुढे न्यूयॉर्कच्या शेअरबाजारातील डाऊ जोन्स निर्देशांक त्या दिवशी ज्या आकड्यावर उघडला तो आकडा लिहावयाचा. हा सर्व मजकूर 'एमडी-५' नावाच्या गणिती प्रक्रियेत घालावयाचा. ही प्रक्रिया कोणत्याही मजकुराचे रूपांतर ठरावीक लांबीच्या सांकेतिक संख्येत करते, आणि मजकुरातील एक आकडा बदलला तरी उत्तर पार बदलून जाते. त्या संख्येचे दोन समान भाग करावयाचे व त्यांचे दोन दशांश अपूर्णांक करावयाचे. पहिला आपल्या अक्षांशाच्या पूर्णांकापुढे आणि दुसरा रेखांशाच्या पूर्णांकापुढे जोडला की जागा निघाली. मन्रो यांच्या चित्रातील उदाहरण २६ मे २००५ या तारखेचे आहे. निर्देशांक १०४५८.६८ होता आणि दशांश भाग निघाले .८५७७१३ व .५४४५४४. न्यूयॉर्कचा बाजार उघडेपर्यंत आपल्याकडे संध्याकाळ झालेली असते. म्हणून भारतासह पूर्वेकडील देशांसाठी आदल्या दिवशीचा आकडा घ्यावा, असा नियम नंतर ठरला.

एवढा खटाटोप कशासाठी? डोळे मिटून नकाशावर बोट ठेवले असते तर चालले नसते काय? नसते. डोळे मिटलेला माणूसही बोट नकाशाच्या कडेला क्वचितच ठेवतो. हात मध्यावर जातो. उद्या बाजार कोणत्या आकड्यावर उघडेल हे मात्र कोणीच सांगू शकत नाही. म्हणजे जागेच्या निवडीतून माणसाची आवड, आळस आणि स्वार्थ हे तिन्ही बाहेर काढण्यासाठी हा खटाटोप आहे. आपल्या पाठ्यपुस्तकातील टिपेट यांचा यादृच्छिक संख्यांचा तक्ता (१९२७) याच हेतूने तयार झाला. त्यात ४१,६०० अंक आहेत आणि ते जनगणनेच्या अहवालांतील आकड्यांतून घेतलेले आहेत.

२. आपला चौरस

बेळगाव शहर सुमारे १५.८५ उत्तर अक्षांश व ७४.५० पूर्व रेखांशावर आहे. तेव्हा आपला पूर्णांक १५ व ७४. या पूर्णांकांचा जो चौरस होतो, तो दक्षिणोत्तर सुमारे ११० किलोमीटर व पूर्वपश्चिम सुमारे १०७ किलोमीटर, म्हणजे अंदाजे ११,८०० चौरस किलोमीटरचा आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या एक-अंशी नकाशांच्या जुन्या क्रमवारीत हाच चौरस '४८ आय' या खुणेने ओळखला जातो.

या चौरसात काय काय येते ते पाहण्यासारखे आहे. बेळगाव, खानापूर, बैलहोंगल, कित्तूर, हल्याळ, दांडेली ही कर्नाटकातील गावे; महाराष्ट्रातील चंदगड; गोव्यातील फोंडा आणि मोले. धारवाड पूर्वेच्या कडेला, ७५ अंशांच्या रेषेला अगदी खेटून. तीन राज्ये, घाटाचे जंगल, भाताची खाचरे, काळ्या व तांबड्या मातीची पिके, आणि मराठी, कानडी, कोंकणी, उर्दू या भाषा. नकाशावरील रेषेला यांतील कशाचीच खबर नाही.

३. आधी चौकट, मग चिठ्ठी

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी आम्हा तिघा मित्रांना धारवाडला ग्रंथालयात काम होते. मित्राच्या घरची गाडी होती. जाताना एक यादृच्छिक जागा पाहावी असे ठरले. परंतु पूर्ण चौरसातून जागा काढली तर ती मोल्याच्या जंगलातही निघू शकते, आणि तेथे जाऊन संध्याकाळपर्यंत धारवाड गाठणे अशक्य. मग काय करावे? नको असलेली जागा टाकून पुन्हा काढावी काय?

येथे संख्याशास्त्राचा पहिला नियम लागू पडतो. निकाल पाहून नंतर निवड बदलली की यादृच्छिकता संपली. मर्यादा घालावयाची असेल तर ती चिठ्ठी काढण्याआधी घालावी आणि मग जे निघेल ते निमूटपणे मान्य करावे. या मर्यादेलाच पुस्तकात नमुना-चौकट म्हणतात. आम्ही पहिला दशांश आधीच ठरविला : अक्षांश १५.६ आणि रेखांश ७४.७. त्यामुळे सुमारे ११ किलोमीटर बाजूचा लहान चौरस मिळाला. एम. के. हुबळीकडून कित्तूरकडे जाणारा महामार्ग साधारण त्यातूनच तिरपा जातो.

बाकीच्या अंकांसाठी डाऊ जोन्सपर्यंत गेलो नाही. शून्य ते नऊ अशा दहा सारख्या चिठ्ठ्या, एक स्टीलचा डबा आणि सहा वेळा काढणे. प्रत्येक वेळी निघालेली चिठ्ठी परत डब्यात टाकली, कारण ती बाहेर ठेवली तर पुढच्या वेळी त्या अंकाला संधी उरत नाही. तीन अंक अक्षांशाला, तीन रेखांशाला. अशा रीतीने लहान चौरसाचे दहा लाख ठिपके होतात आणि एकेका ठिपक्याच्या वाट्याला सुमारे ११८ चौरस मीटर जमीन येते. गुंठा १०१ चौरस मीटरचा धरला तर प्रत्येक ठिपका गुंठ्याहून थोडा मोठा. दहा लाख गुंठ्यांतून एक निघाला, असे म्हणण्यास हरकत नाही.

निघालेले सहा अंक येथे छापत नाही. तो एका माणसाच्या शेताचा पत्ता आहे.

४. महामार्ग सोडून

निघण्यापूर्वी तिघांनीही त्या जागी काय असेल याचा अंदाज कागदावर लिहून ठेवला होता. तिन्ही कागदांवर एकच शब्द निघाला : ऊस. कारण उघड आहे. त्या रस्त्याने जाताना गाडीच्या खिडकीतून ऊस नजरेत भरतो, साखर कारखान्याकडे जाणारे ट्रॅक्टर दिसतात आणि मनात उसाचेच चित्र ठसते. याला 'सोयीचा नमुना' म्हणतात : जे सहज दिसते तेच सर्वत्र आहे असे धरणे.

महामार्ग सोडल्यावर डांबरी रस्ता दोन किलोमीटरवर संपला. पुढे बैलगाडीची वाट, आणि शेवटचा अर्धा किलोमीटर बांधावरून पायी. मोकळ्या आकाशाखाली मोबाईलमधील यंत्र साधारण पाच मीटरपर्यंत जागा बरोबर दाखविते. आकडे जुळत जुळत आम्ही ज्या ठिकाणी थांबलो तेथे सोयाबीन होते. एका बाजूला उंच आणि भरलेल्या शेंगांचे, तर ओढ्याकडच्या उतारावर खुरटलेले आणि अकाली पिवळे पडलेले. आमचा ठिपका त्या दोहोंच्या मध्ये, पिवळ्याच्या किंचित बाजूला होता.

तीन अनोळखी मुले हातात मोबाईल धरून बांधावर पावले मोजत आहेत, हे पाहून शेताचे मालक लगबगीने आले. वय साठीच्या पुढचे असावे. त्यांनी कानडीत विचारले, "बेळी कटाव माडाक बंदीरेन्री?" म्हणजे पीककापणीचा प्रयोग करायला आलात काय? मी त्यांना 'काका' म्हणून हाक मारली. ही हाक आपल्या भागात दोन्ही भाषांत चालते. आम्ही सरकारी माणसे नव्हेत, विद्यार्थी आहोत, आणि चिठ्ठ्या काढल्या तेव्हा तुमचे शेत निघाले म्हणून आलो, असे सांगितले. ते हसले नाहीत. थोडा वेळ थांबून जे बोलले ते मराठीत असे :

"तुमची चिठ्ठी माझ्या शेतात पडली होय? गेल्या साली ओढ्याचं पाणी चढलं आणि निम्मं शेत चार दिवस बुडालं. विमा भरला होता. कापणीचा प्रयोग गावात झाला, पण तो वरच्या अंगाच्या शेतांत. तिकडं पीक चांगलं होतं. गावाला काही मिळालं नाही म्हणून मलाही नाही. तेव्हा चिठ्ठी इकडं का पडली नाही? आणि आज पडली, तर तिचा उपयोग काय?"

त्यांनी आम्हाला ताक दिले आणि बांधावरून परत वाट दाखविली. धारवाडच्या वाटेवर गाडीत या दोन प्रश्नांखेरीज दुसरा विषय निघाला नाही. पुढील मजकूर हे त्या प्रश्नांचे माझ्या अभ्यासक्रमाच्या आधाराने दिलेले उत्तर आहे.

५. आणेवारीपासून पीककापणीपर्यंत

पूर्वी पीक किती आले हे नजरेने ठरत असे. पूर्ण पीक म्हणजे सोळा आणे. त्या मानाने यंदा किती आणे, हे गावकामगार व वरचे अधिकारी अंदाजाने सांगत. हीच आणेवारी आणि पुढची पैसेवारी. नजर कितीही सरावलेली असली तरी ती माणसाची असते. सारा माफ होणार की नाही हे ज्या आकड्यावर ठरते, तो आकडा डोळ्याने लावताना मन मध्ये येतेच.

या अंदाजाऐवजी शेतातील लहान तुकडे यदृच्छेने निवडून प्रत्यक्ष कापून पाहावेत, हा प्रयोग बिहार-ओरिसा प्रांतात जे. ए. हबॅक या अधिकाऱ्याने १९२० च्या दशकात भातपिकावर केला. कलकत्त्यास १९३१ मध्ये भारतीय संख्याशास्त्र संस्था स्थापन करणारे प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी १९३७ पासून बंगालमधील तागाच्या पाहणीसाठी नमुना पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली. आणि जी पद्धत पुढे देशभर रूढ झाली, तिच्या उभारणीत दोन मराठी नावे आहेत : सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ मध्ये जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे आणि इंदूरच्या 'इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री'शी संबंधित असलेले डॉ. विनायक गोविंद पानसे. या दोघांनी मिळून लिहिलेला 'स्टॅटिस्टिकल मेथड्स फॉर ॲग्रिकल्चरल वर्कर्स' हा ग्रंथ १९५४ मध्ये निघाला.

सुखात्मे यांनी दाखवून दिलेली एक गोष्ट मनात ठेवण्यासारखी आहे. तुकडा फार लहान घेतला तर उत्पन्न फुगून दिसते. कारण कापणारा माणूस दोरीच्या कडेवरचे रोप बहुधा आत ओढतो. एक मीटर बाजूच्या चौरसात एका चौरस मीटरमागे कड चार मीटर असते. पाच मीटर बाजूच्या चौरसात ती ०.८ मीटरच असते. जितकी कड जास्त तितकी चूक जास्त. सध्या बहुतेक पिकांसाठी ५ मीटर × ५ मीटरचा तुकडा घेतात.

पद्धत अशी : गावातून शेत यदृच्छेने निवडावयाचे. शेताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यावर उभे राहून लांबी व रुंदी पावलांनी मोजावयाची. यादृच्छिक संख्यांच्या तक्त्यातून दोन आकडे घेऊन तितकी पावले लांबीच्या व रुंदीच्या दिशेने चालावयाचे. जेथे पाय थांबेल तेथे खुंटी. वाचकांच्या लक्षात आले असेल की, आम्ही डब्यातून काढलेले अक्षांश-रेखांश आणि ही लांबी-रुंदीची पावले एकच गोष्ट आहे. म्हणूनच त्या काकांनी आम्हाला पाहून बरोबर तोच प्रश्न विचारला.

६. दहा शेतांचे गणित

प्रधानमंत्री पीकविमा योजना खरीप २०१६ पासून सुरू झाली. तिचे व्यापक तत्त्व क्षेत्रावर आधारलेले आहे : नुकसान एकेका शेताचे मोजावयाचे नाही, तर ग्रामपंचायतीसारख्या ठरविलेल्या क्षेत्राचे सरासरी उत्पन्न काढावयाचे. योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत ग्रामपंचायत स्तरावर प्रमुख पिकासाठी किमान चार कापणी प्रयोग सांगितले आहेत. आधीच्या वर्षांच्या सरासरीवरून एक 'उंबरठा उत्पन्न' ठरते. प्रत्यक्ष सरासरी त्याच्या खाली गेली तर जितकी तूट, तितक्या प्रमाणात विमा रकमेचा भाग सर्वांना मिळतो. खाली गेली नाही तर कोणालाच नाही.

आता एक काल्पनिक गाव घेऊ. शेते दहा. आठ शेतांत एकरी १० क्विंटल पीक आले आणि ओढ्याकाठच्या दोन शेतांत, पाणी साचल्यामुळे, ३ क्विंटल. खरी सरासरी ८.६ क्विंटल. उंबरठा ८ क्विंटल मानू. चार शेते चिठ्ठीने निवडली, तर बुडालेल्या दोहोंपैकी एकही न येण्याची संभाव्यता किती?

दहांतून चार निवडण्याचे २१० प्रकार आहेत. चांगल्या आठांतूनच चार निवडण्याचे ७०. म्हणजे संभाव्यता ७० ÷ २१०, अर्थात एक तृतीयांश. चिठ्ठी अगदी प्रामाणिकपणे काढली, कोणीही लबाडी केली नाही, तरी तीनांतून एकदा ओढ्याकाठचे एकही शेत निघणार नाही आणि गावाचे पीक १० क्विंटल असे नोंदले जाईल. चाराऐवजी सहा शेते घेतली तर ही संभाव्यता २८ ÷ २१०, म्हणजे सुमारे १३ टक्क्यांवर येते. आठ घेतली तर ४५ मध्ये एकावर. "चिठ्ठी इकडं का पडली नाही?" या प्रश्नाचे हे पहिले उत्तर. चिठ्ठी पक्षपाती होती असे मानण्याचे कारण नाही. चिठ्ठ्या थोड्या होत्या.

उलट बाजूही पाहिली पाहिजे. बुडालेली दोन्ही शेते चारांत आली तर सरासरी ६.५ दिसेल, उंबरठ्यापेक्षा १.५ ने कमी. मग सर्वांना विमा रकमेच्या १८.७५ टक्के मिळतील, चांगले पीक आलेल्या आठांनासुद्धा. यदृच्छा कोणाच्या बाजूची नसते.

परंतु खरे दुखणे याहून खोल आहे. समजा दहाही शेते कापली. एकही शेत सुटले नाही, नमुन्याचा प्रश्नच मिटला. तरी सरासरी ८.६ येते आणि ती उंबरठ्याच्या वरच राहते. कोणालाच काही मिळत नाही. ज्यांचे दहाचे तीन झाले त्या दोघांनाही नाही. म्हणजे काकांचे नुकसान चिठ्ठी चुकल्यामुळेच दिसले नाही, असे नाही. चिठ्ठी त्यांच्या शेतात पडली असती तरी सरासरीने ते झाकले जाण्याचा संभव होता. नमुना कितीही उत्तम असो, तो गावाविषयी बोलतो, माणसाविषयी नाही.

यासाठीच योजनेत एक वेगळे कलम आहे. गारपीट, भूस्खलन, शेतात पाणी साचणे अशा स्थानिक आपत्तीत, राज्याने ते संरक्षण त्या पिकासाठी लागू केलेले असेल तर, एकट्या शेताची पाहणी होऊ शकते. अट एवढीच की नुकसान झाल्यापासून ७२ तासांच्या आत कळवावे लागते. बहात्तर तास म्हणजे तीन दिवस. ओढ्याचे पाणी चार दिवस शेतात होते. पाणी ओसरण्याची वाट पाहणाऱ्याची मुदत पाण्यातच संपते. काकांना हे कलम ठाऊक नव्हते. धारवाडहून परतताना आम्ही पुन्हा त्यांच्याकडे गेलो आणि पावतीच्या मागे, कानडीत, मोठ्या अक्षरांत हा नियम लिहून दिला. गेल्या सालचे पैसे त्याने परत येणार नाहीत हेही सांगितले.

७. निष्कर्ष

यावरून तीन गोष्टी निघतात.

पहिली : एखाद्या प्रदेशाविषयी खरे जाणून घ्यावयाचे असेल तर जागा आपण निवडू नये. आपल्या सीमाभागात तर हे विशेष पाळले पाहिजे. येथे जो तो आपल्या ओळखीच्या गल्लीतून, आपल्याला वाचता येणाऱ्या पाट्यांवरून संपूर्ण भागाचे चित्र काढतो आणि तेच चित्र पुरावा म्हणून पुढे करतो. हा सोयीचा नमुना आहे. मग तो मराठी माणसाने घेतलेला असो की कानडी माणसाने.

दुसरी : एक ठिपका म्हणजे माहिती नव्हे. एका सोयाबीनच्या शेतावरून त्या पट्ट्यात ऊस नाही असे ठरत नाही. शंभर ठिपके काढले आणि त्यांतील ३८ उसात पडले, तर ऊस सुमारे ३८ टक्के, आणि त्यातही दहा टक्के इकडेतिकडे होण्यास जागा ठेवावी लागते.

तिसरी : एक ठिपका म्हणजे माहिती नसली तरी तो एक माणूस असतो. सरासरी काढताना त्याचे शेत दहांतले एक होते. बांधावर उभे राहिल्यावर ते संपूर्ण होते. "आज चिठ्ठी पडली, तिचा उपयोग काय?" या दुसऱ्या प्रश्नाचे माझ्यापाशी एवढेच उत्तर आहे. गावाला न्याय देण्यास सरासरी हवी, आणि सरासरीत जो बुडतो त्याला वर काढण्यास वेगळे कलम हवे, व ते कलम त्याच्यापर्यंत त्याच्या भाषेत पोचविणारा कोणी हवा. हिशेब शिकणाऱ्याने दोन्ही खाती लिहिली पाहिजेत.

शेवटी एक सूचना. आपल्या या अंकाचे दोन विभाग आहेत. दोन्ही विभागांच्या विद्यार्थ्यांनी मिळून पुढील वर्षी '४८ आय'मधील आपल्या तालुक्यांत चाळीस ठिपके काढावेत. चौकट आधी ठरवावी, चिठ्ठ्या सर्वांसमक्ष काढाव्यात आणि प्रत्येक ठिकाणी एक मराठी व एक कानडी जाणणारा, असे दोघे जावेत. मालकाची परवानगी घेतल्याशिवाय शेतात पाऊल टाकू नये. पीक कोणते, पाणी कोठून येते, विमा भरला होता काय आणि ७२ तासांचा नियम ठाऊक आहे काय, एवढे चारच प्रश्न विचारावेत. चाळीस उत्तरांचा तक्ता दोन्ही भाषांत छापावा. आणि ज्यांना तो नियम ठाऊक नसेल, त्यांना तो तेथेच लिहून द्यावा. तक्ता छापून होईपर्यंत थांबू नये.